अपयशाच्या निवेदनाची भाषा : निम्नस्तरीय आज्ञावलीतील चाचणीसंदेशांचा इतिहास

१

संगणकाची आज्ञावली लिहिणारा मनुष्य आपल्याच लेखनाची परीक्षा घेण्यासाठी आणखी एक लहान आज्ञावली लिहितो. तिला चाचणी म्हणतात. चाचणी यशस्वी झाली तर यंत्र बहुधा मौन पाळते. ती अयशस्वी झाली म्हणजे मात्र ते काही बोलते : कधी एखादे वाक्य, कधी एखादा आकडा, तर कधी केवळ एक प्रश्नचिन्ह. या बोलण्याचा इतिहास थोडक्यात मांडावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हा विषय यंत्रविद्येचा. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने त्यात का शिरावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे एक उत्तर व्यावहारिक आहे. मराठी शब्दरूपांचे पृथक्करण संगणकाकडून करून घेण्याच्या कामी आमच्या विभागातील काही विद्यार्थी सी या भाषेतील आज्ञावल्या हाताळतात. या विद्यार्थ्यांना तर्क अवघड जात नाही; व्याकरण शिकलेल्याला नियमांची शिस्त परिचितच असते. ते अडतात ते यंत्राने दिलेल्या अपयशाच्या वार्तेपाशी. ती वार्ता कोणाला उद्देशून आहे, ती नेमके काय सांगते आणि काय सांगत नाही, हे त्यांना उमगत नाही. आणि ‘हे आपले काम नव्हे’ असे मनाशी ठरवून चांगले विद्यार्थी या वाटेवरून परत फिरलेले प्रस्तुत लेखकाने पाहिले आहेत. दुसरे उत्तर तात्त्विक आहे. अपयशाचा संदेश हा एक विलक्षण जातीचा उद्गार आहे. तो लिहिणारा मनुष्य लिहितेवेळी सुखात असतो, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी तो वाचणारा मनुष्य अडचणीत असतो. वक्ता आणि श्रोता यांच्यामध्ये इतके अंतर असताना अर्थ पोहोचविण्यासाठी वाक्यात काय काय असावे लागते, हा प्रश्न भाषाविज्ञानाच्या कक्षेबाहेरचा नाही.

‘निम्नस्तरीय’ हा शब्द येथे कमीपणा दर्शवीत नाही. ज्या भाषांत लिहिणाऱ्याला संगणकाच्या स्मृतीतील घरांचा हिशेब स्वतः ठेवावा लागतो, त्या यंत्राला लागून असलेल्या भाषा निम्नस्तरीय होत. असेंब्ली ही त्यांपैकी अगदी तळाची. सी, सी प्लस प्लस आणि अलीकडची रस्ट या तिच्या वरच्या पायरीवरच्या. या भाषांचे एक समान लक्षण पुढील विवेचनासाठी महत्त्वाचे आहे. मनुष्याने लिहिलेल्या पाठात प्रत्येक वस्तूला नाव असते. परंतु कंपायलरने त्या पाठाचे यंत्रभाषेत रूपांतर केले की नावे गळून पडतात आणि मागे केवळ पत्ते व अंक उरतात. चाचणी अयशस्वी होते ती या दुसऱ्या, निनावी अवस्थेत. तिचे वर्णन मात्र पहिल्या अवस्थेतील शब्दांत हवे असते. अपयशाच्या संदेशाची सारी अडचण या एका वस्तुस्थितीतून उद्भवते.

समंजस संदेशाची तीन अंगे मानता येतील. चूक कोठे आढळली हे स्थान. काय खरे असावयास हवे होते हे विधान. आणि प्रत्यक्षात काय मिळाले हा आढळ. उत्तरपत्रिका तपासणाऱ्या शिक्षकाच्या उदाहरणाने हे स्पष्ट होईल. एक शिक्षक पत्रिकेवर केवळ ‘नापास’ असे लिहितो. दुसरा चुकलेल्या ओळीखाली रेघ ओढतो, अपेक्षित उत्तर समासात लिहितो आणि विद्यार्थ्याचे उत्तर त्याच्याशेजारी मांडून दाखवितो. दोघांचा निकाल एकच असतो; परंतु दुसऱ्याच्या पत्रिकेवरून विद्यार्थी काही शिकू शकतो. यंत्राला पहिल्या शिक्षकाच्या अवस्थेतून दुसऱ्याच्या अवस्थेत येण्यास सुमारे ७० वर्षे लागली. ही तीन अंगे एकदम न येता एकेक करून, आणि प्रत्येक वेळी काही अडसर दूर झाल्यानंतरच, कशी आली ते आता पाहू.

२

आज्ञावलीच्या मध्येच ‘येथे अमुक गोष्ट खरी असली पाहिजे’ असे विधान लिहून ठेवण्याची कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी १९४७ साली आज्ञावलीच्या नियोजनावर लिहिलेल्या प्रबंधात प्रवाहचित्रांमध्ये अशा विधानांसाठी स्वतंत्र चौकटी योजिल्या होत्या. या कल्पनेचे मर्म अॅलन ट्युरिंग यांनी २४ जून १९४९ रोजी केंब्रिज येथील परिषदेत वाचलेल्या छोट्या निबंधात अधिक स्पष्टपणे प्रकट झाले. मोठी आज्ञावली तपासावी कशी, हा त्यांचा विषय होता, आणि त्यांनी घेतलेले उदाहरण आपल्या प्राथमिक शाळेतल्या पाटीवरचे वाटावे असे आहे. पाच चार-अंकी संख्यांची उभी बेरीज केली आणि केवळ उत्तर लिहिले, तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज पुन्हा करावी लागते. प्रत्येक स्तंभाचा हातचा लिहून ठेवला असेल, तर मात्र एकेक स्तंभ वेगळा तपासता येतो, आणि चूक असेल तर ती कोणत्या स्तंभात आहे हेही कळते.

हातचा लिहून ठेवणे ही गणित करणाऱ्याने तपासणाऱ्यावर केलेली कृपा आहे. स्वतः करणाऱ्याला तो लिहिण्याची गरज नसते. त्याच्या मनात तो असतोच. चाचणीसंदेशांच्या पुढील इतिहासात ज्या ज्या सुधारणा झाल्या, त्या सर्व या हातच्याचाच विस्तार होत. ट्युरिंग यांचा हेतू अर्थात वेगळा होता. त्यांची विधाने तपासणाऱ्या माणसाने वाचावयाची होती, यंत्राने उच्चारावयाची नव्हती. त्या दिशेने जाणारी परंपरा पुढे फ्लॉइड यांच्या १९६७ च्या आणि होर यांच्या १९६९ च्या निबंधांतून तर्कशास्त्राकडे वळली. आपला विषय तिची दुसरी शाखा आहे.

त्याच केंब्रिजमध्ये एड्सॅक या यंत्राने ६ मे १९४९ रोजी आपली पहिली आज्ञावली पार पाडली होती. त्या यंत्राचे निर्माते मॉरिस विल्क्स यांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे की, त्याच सुमारास एका जिन्यावर त्यांना एकाएकी जाणवले की आपल्या उरलेल्या आयुष्याचा बराचसा भाग स्वतःच्याच आज्ञावल्यांतील चुका शोधण्यात जाणार. सव्वाशेच्या आसपास आज्ञा असलेल्या त्यांच्या एका आरंभीच्या आज्ञावलीत सुमारे वीस चुका होत्या. या अनुभवातूनच स्टॅन्ली गिल यांचे काम उभे राहिले. एड्सॅकवरील आज्ञावल्यांतील चुकांच्या निदानावरचा त्यांचा निबंध १९५१ मध्ये रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात प्रसिद्ध झाला. यंत्र थांबल्यावर त्याच्या स्मृतीतील मजकूर छापून काढण्याच्या रीतीला त्या मंडळींनी शवपरीक्षेचे नाव दिले होते. गिल यांनी याखेरीज आणखी एक रीत योजिली : आज्ञावली चालत असतानाच प्रत्येक आज्ञेचे आद्याक्षर दूरमुद्रकावर उमटत जाईल अशी व्यवस्था.

ही दोन्ही साधने कल्पक होती. परंतु आपल्या तीन अंगांच्या दृष्टीने पाहता त्यांत केवळ आढळ आहे. यंत्र जे घडले ते सर्व सांगते. काय घडावयास हवे होते याचे भान त्याला नाही. शेकडो अक्षरांच्या त्या रांगेत चूक कोणत्या ठिकाणी आहे, हे ओळखण्याचे काम सर्वस्वी वाचणाऱ्याचे.

३

पुढील दोन दशकांत संदेश अधिक लांब होण्याऐवजी आखूड झाले. १९६४ मध्ये आय. बी. एम. कंपनीने सिस्टिम ३६० ही यंत्रमालिका जाहीर केली. तिच्यावर आज्ञावली अपमृत्यू पावली म्हणजे एक सांकेतिक अंक मिळे. ‘शून्य-सी-सात’ म्हणजे दशमान संख्या म्हणून वाचावयास घेतलेला मजकूर संख्या नव्हता. ‘शून्य-सी-चार’ म्हणजे परवानगी नसलेल्या स्मृतीला हात लावला गेला. अंकासोबत स्मृतीच्या मजकुराचा षोडशमान अंकांतील गठ्ठा छापून येई, आणि संकेतांचा अर्थ सांगणारा जाडजूड ग्रंथ शेजारच्या फडताळात असे.

आज या पद्धतीला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु ती आळसातून जन्मलेली नव्हती. त्या मालिकेतील मॉडेल ३० हे यंत्र आठ किलोबाइट एवढ्या स्मृतीसहही मिळत असे. अशा यंत्रात संदेशाचे प्रत्येक अक्षर प्रत्यक्ष कामाच्या जागेतून कापून घ्यावे लागे. शब्द यंत्राबाहेर, ग्रंथात ठेवावेत आणि यंत्रात केवळ त्यांचा क्रमांक ठेवावा, ही त्या काळाला साजेशी काटकसर होती. तारखात्यात सणावारांच्या शुभेच्छांची ठरीव वाक्ये क्रमांकाने पाठविली जात, त्यामागील विचार हाच होता.

अडचण निर्माण झाली ती कारण संपल्यावरही सवय टिकून राहिल्यामुळे. केन थॉम्प्सन यांनी युनिक्स या प्रणालीसाठी लिहिलेला ‘एड’ हा मजकूर-संपादक कोणत्याही चुकीला प्रश्नचिन्हाने उत्तर देई. का, हे विचारण्याची सोय त्यात मागाहून आली. थोड्या, कसलेल्या आणि एकमेकांना ओळखणाऱ्या वापरकर्त्यांच्या वर्तुळात हे चालून गेले, कारण उरलेला अर्थ संदर्भातून भरून काढता येत असे. घरातल्या माणसांत अर्धे वाक्य पुरते, तसेच हे. ती प्रणाली वर्तुळाबाहेर पडली, परक्यांच्या हाती गेली, तेव्हा मात्र ते अर्धे वाक्य अर्धेच राहिले.

४

सी या भाषेत ‘असर्ट’ नावाची एक सोय आहे. तिला एखादी अट द्यावयाची. अट खरी असेल तर काहीच होत नाही, खोटी असेल तर यंत्र संदेश देऊन थांबते. १९७९ साली बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत ही सोय एका छोट्या मॅक्रोच्या रूपाने होती. तिचा संदेश असा : विधान अयशस्वी, अमुक फाईल, तमुक ओळ. म्हणजे पहिले अंग, स्थान, येथे पूर्णपणे हाती आले. परंतु विधान कोणते, हे संदेशात नव्हते. ते पाहण्यासाठी वाचकाने फाईल उघडून त्या ओळीपाशी जावे, अशी अपेक्षा होती. आणि मधल्या काळात फाईल बदललेली असेल तर ओळीचा क्रमांक भलत्याच ठिकाणी घेऊन जाई.

विधान का नव्हते, याचे कारण भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याला विशेष उद्बोधक वाटेल. ‘गाय चरते आहे’ या वाक्यात गाय हा शब्द एका प्राण्यासाठी योजिला आहे. ‘गाय हा दोन अक्षरी शब्द आहे’ या वाक्यात तो स्वतःच्याच रूपासाठी योजिला आहे. व्याकरणशास्त्रात हा भेद पायाभूत आहे. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पहिल्याच पादात असा नियम घालून दिला आहे की, पारिभाषिक संज्ञा सोडल्यास, शास्त्रात आलेला शब्द आपल्या रूपाचा बोध करून देतो, अर्थाचा नव्हे. लोकव्यवहारात याच्या उलट घडते. मराठीत आपण ‘असे’ किंवा ‘म्हणून’ या शब्दांनी उच्चारित मजकूर वेगळा काढतो. संस्कृतात तेच काम ‘इति’ करते.

आज्ञावलीची भाषा स्वभावतः लोकव्यवहारासारखी आहे. ‘लांबी मर्यादेपेक्षा कमी’ अशी अट तिला दिली की ती लांबी आणि मर्यादा यांच्या किमती घेते, तुलना करते आणि खरे किंवा खोटे एवढाच निर्णय पुढे पाठविते. अटीचे शब्द त्या निर्णयात उरत नाहीत. ते टिकवावयाचे असतील तर भाषेतच ‘इति’सारखे काही असावे लागते. १९८९ साली सी भाषेचे अमेरिकन प्रमाण निश्चित झाले, तेव्हा मॅक्रोला दिलेल्या मजकुराचे जसेच्या तसे अक्षरमालेत रूपांतर करणारे एक चिन्ह भाषेत दाखल झाले, आणि असर्टच्या संदेशात अटीचा पाठ, फाईलचे नाव व ओळीचा क्रमांक ही तिन्ही असावीत असे प्रमाणानेच ठरविले. एकच मजकूर आता दोन प्रकारे योजिता येऊ लागला : एकदा अर्थासाठी, एकदा रूपासाठी. १९९९ च्या प्रमाणाने त्यात फंक्शनच्या नावाची भर घातली. दुसरे अंग, विधान, अशा रीतीने प्राप्त झाले.

या सुधारणेचे मोल लिहिणाऱ्याच्या सवयींतही दिसून आले. अटीचे शब्द संदेशात उमटणार म्हटल्यावर त्या शब्दांची निवड महत्त्वाची ठरली. ज्याने आपल्या चलांना ‘क’ आणि ‘ख’ अशी नावे दिली, त्याच्या वाचकाला ‘क ख पेक्षा लहान नाही’ एवढेच कळते. ज्याने ‘लांबी’ आणि ‘मर्यादा’ असे लिहिले, त्याच्या वाचकाला अर्धे निदान आयते मिळते.

५

तिसरे अंग सर्वांत उशिरा आले. ‘लांबी मर्यादेपेक्षा कमी, हे विधान अयशस्वी’ असे कळले तरी वाचकाचा पुढचा प्रश्न शिल्लकच राहतो : मग लांबी होती तरी किती? ती मर्यादेहून एकाने अधिक असेल, तर मोजणीत एकाची चूक झाली असावी. ती कित्येक कोटी असेल, तर बहुधा स्मृतीतील भलतेच घर वाचले गेले असावे. दोन्ही रोग निराळे, त्यांवरील उपाय निराळे. आणि असर्टचा संदेश दोहोंना एकच. तुलनेनंतर त्याच्या हाती होय-नाही एवढेच येत असल्यामुळे त्याला दुसरे काही सांगताच येत नाही.

यातून बाहेर पडण्याचा पहिला मार्ग उच्चस्तरीय भाषांकडून आला. केंट बेक यांनी स्मॉलटॉक भाषेसाठी रचलेल्या चाचणीपद्धतीचे वर्णन १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९७ मध्ये त्यांनी व एरिख गामा यांनी तीच पद्धत जावा भाषेत ‘जेयुनिट’ या नावाने आणली. तीत अपेक्षित किंमत व प्राप्त किंमत अशा दोन वस्तू वेगवेगळ्या द्यावयाच्या असत, आणि अपयशाच्या वेळी दोन्ही छापल्या जात. येथे निर्णय करणाऱ्याच्या हाती दोन्ही पक्ष असतात. म्हणून तो दोन्ही सांगू शकतो.

निम्नस्तरीय भाषांत हे सहज साधण्यासारखे नव्हते. किंमत छापावयाची तर ती कोणत्या प्रकारची आहे हे माहीत हवे : पूर्णांक, अपूर्णांक, अक्षरमाला की केवळ एक पत्ता. यंत्राच्या पातळीवर हे सारे सारखेच बिट. प्रकाराचे ज्ञान कंपायलरपाशी असते, आणि तो आपले काम संपवून निघून गेलेला असतो. तेव्हा तो जाण्यापूर्वीच त्याच्याकडून ते ज्ञान लिहून घेणे, हाच उपाय. सी प्लस प्लस भाषेत ते शक्य होते. २००८ मध्ये सर्वांसाठी खुल्या झालेल्या गूगल टेस्ट या संग्रहात तुलनेच्या दोन्ही बाजूंचा पाठ आणि किंमत ही दोन्ही संदेशात येत. शिवाय त्यात दोन जातींची विधाने होती : एक अपयश येताच ती चाचणी थांबविणारे, दुसरे अपयश नोंदवून पुढे जाणारे. पहिली चूक दिसताच पत्रिका फेकून देणारा परीक्षक आणि ती शेवटपर्यंत तपासणारा परीक्षक यांतला हा भेद आहे.

फिल नॅश यांच्या २०१० च्या ‘कॅच’ या संग्रहाने आणखी एक पाऊल टाकले. त्यात लिहिणाऱ्याने ‘क बरोबर ख’ अशी नेहमीची तुलनाच लिहावी; संग्रह तिचे दोन पक्ष आपण होऊन वेगळे काढतो. यासाठी वापरलेली युक्ती वाक्यविन्यासाची आहे. तुलनेच्या आधी, तिच्याहून अधिक बलवान असा एक प्रयोग मॅक्रो गुपचूप जोडून देतो. त्यामुळे डावा पक्ष प्रथम त्या प्रयोगाशी बांधला जातो आणि मागाहून उजव्याशी भेटतो. मूळ वाक्य न बदलता त्याचा अन्वय बदलतो. सी भाषेला अशी लवचीकता नाही. तेथे २०११ च्या प्रमाणात आलेल्या, प्रकार पाहून पर्याय निवडणाऱ्या सोयीने काही अंशी उणीव भरून निघाली. २०१५ साली पहिली स्थिर आवृत्ती निघालेल्या रस्ट भाषेत तर डावी आणि उजवी किंमत सांगणारे तुलनाविधान आरंभापासूनच भाषेच्या प्रमाण संग्रहाचा भाग होते.

याच काळात स्थान या अंगाचाही विस्तार झाला. लिनक्स प्रणालीचा गाभा कोसळला म्हणजे पूर्वी नुसते पत्ते छापून येत, आणि त्यांचे नावांत रूपांतर करण्यासाठी वेगळे साधन चालवावे लागे. २००३ च्या अखेरीस आलेल्या २.६ या आवृत्तीपासून गाभाच आपली नावे जवळ बाळगून ती छापू लागला. २०१२ मध्ये सेरेब्र्यानी व त्यांचे सहकारी यांनी प्रसिद्ध केलेले अॅड्रेस सॅनिटायझर हे साधन तर एकाऐवजी तीन स्थाने सांगते : सोडून दिलेल्या स्मृतीला आता कोठे हात लागला, ती पूर्वी कोठे सोडली होती, आणि त्याआधी कोठे घेतली होती. अपयशाच्या क्षणाचे वर्णन येथे अपयशाच्या वृत्तांतापर्यंत पोहोचले. जानेवारी २०२० मध्ये लिनक्सच्या ५.५ या आवृत्तीत केयुनिट नावाची चाचणीपद्धती गाभ्यातच समाविष्ट झाली. तिचा संदेश अपेक्षा सांगतो, दोन्ही बाजू नावानिशी सांगतो, आणि पूर्णांक असेल तर तो दशमान व षोडशमान अशा दोन्ही रूपांत छापतो. कारण गाभ्यात काम करणाऱ्याला कधी संख्या वाचावयाची असते, तर कधी तिच्यातील बिटांची मांडणी.

६

तिन्ही अंगे हाती आली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे. हे ज्या प्रसंगाने प्रस्तुत लेखकाच्या ध्यानी आले, तो मराठी लिपीशी निगडित असल्यामुळे येथे नमूद करणे उचित होईल.

अनेकवचनी सामान्यरूपे ओळखणाऱ्या आमच्या एका आज्ञावलीची चाचणी अयशस्वी झाली. संदेश निर्दोष दिसत होता. स्थान होते, विधान होते, आढळही होता : अपेक्षित ‘दऱ्या’, प्राप्त ‘दर्‍या’. वाचकांनी ही दोन रूपे ताडून पाहावीत. आमच्या विद्यार्थिनीने ती दोन दिवस ताडून पाहिली. दोन्ही शब्द एकच दिसत होते, आणि यंत्र ते भिन्न आहेत असे ठासून सांगत होते. चाचणीच बिघडली असावी, असा तर्क तिने केला. आणि तो अगदीच निराधार होता असे म्हणता येणार नाही.

प्रत्यक्षात चूक खरी होती. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील भेद मराठीत अर्थभेदक आहे. पहिला समुद्र, दुसऱ्या डोंगरांमधल्या. या दुसऱ्या शब्दातील अर्धा र युनिकोड संकेतप्रणालीत दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत २३५३ क्रमांकाचे स्वतंत्र चिन्ह आणि त्यापुढे हलन्त. दुसऱ्या रीतीत २३५२ क्रमांकाचा नेहमीचा र, त्यापुढे हलन्त, आणि त्यापुढे ८२०५ क्रमांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह. पहिल्या रीतीने हा शब्द पाच चिन्हांचा व १५ बाइटांचा होतो. दुसरीने सहा चिन्हांचा व १८ बाइटांचा. संकेतांचे प्रमाणीकरण करणारी प्रचलित रीत या दोहोंना एकरूप करीत नाही. शब्दसूचीत एक रूप होते, आणि दुसऱ्या लेखकाने टंकलिखित केलेल्या मजकुरात दुसरे.

संदेश सुधारण्याचा आमचा पहिला प्रयत्न फसला, आणि तोच अधिक शिकवून गेला. दोन मालांमध्ये पहिला फरक कोठे पडतो ते आम्ही छापविले. यंत्र म्हणाले : सहावा बाइट, एकीकडे १७७, दुसरीकडे १७६. हे सत्य होते, नेमके होते आणि विद्यार्थिनीच्या दृष्टीने निरर्थक होते. बाइट हे यंत्राचे एकक आहे. व्याकरणाच्या अभ्यासकाचे नव्हे. दुसऱ्या प्रयत्नात आम्ही चिन्ह हे एकक धरले : दुसरे चिन्ह, अपेक्षित २३५३, प्राप्त २३५२, आणि चौथ्या स्थानी प्राप्त मजकुरात अदृश्य जोडचिन्ह अधिक. हे वाचताच चुकीचे मूळ तिला एका क्षणात कळले. त्यासाठी लिहावा लागलेला सी भाषेतील मजकूर पानभरसुद्धा नव्हता.

या प्रसंगाने एक गोष्ट स्पष्ट होते. आढळ सांगणे पुरेसे नाही. तो ज्या एककात वाचकाला भेद दिसेल त्या एककात सांगावा लागतो. अक्षर, चिन्ह, बाइट आणि बिट हे एकाच वस्तूचे चार स्तर आहेत, आणि चूक ज्या स्तरावर घडली त्याच्या एक पायरी वर उभे राहून पाहिले तर ती दिसेनाशी होते. फार खाली उतरले तर ती ओळखू येत नाही. स्वन, स्वनिम आणि रूपिम यांचे स्तर वेगळे ठेवण्यास शिकलेल्या विद्यार्थ्यांना हे नव्याने सांगावयास नको.

७

संदेश वाचनीय करणे म्हणजे तो वाढवीत जाणे, असा समज या इतिहासावरून होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. आढळाच्या बाबतीत अतिरेकही तितकाच घातक असतो. हजार बाइटांच्या दोन पट्ट्या पूर्णपणे छापल्या, तर वाचक पुन्हा गिल यांच्या काळातील अक्षरांच्या रांगेपाशी येऊन उभा राहतो. याच कारणासाठी केयुनिटमध्ये स्मृतीच्या दोन तुकड्यांची तुलना अयशस्वी झाल्यास केवळ भिन्न असलेले बाइट कोनी कंसात घालून दाखविले जातात. त्याच पद्धतीत आणखी एक लहानशी खबरदारी आहे : तुलनेची एक बाजू साधा अंकच असेल, तर ‘दोनची किंमत दोन आहे’ असे ती पुन्हा सांगत बसत नाही. ज्ञात गोष्ट गाळणे हाही संभाषणाचा शिष्टाचारच आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये निघालेल्या रस्टच्या १.७३ या आवृत्तीने केलेला बदल तर केवळ विरामचिन्हांचा होता. तोवर अपयशाचे कारण अवतरणचिन्हांत घालून स्थानाच्या अगोदर त्याच ओळीत छापले जाई. कारण लांबले, किंवा त्याच्या पोटात आणखी अवतरणे आली, की ओळीचा कोणता भाग कोणाचा हे कळेनासे होई. नव्या आवृत्तीत कारण स्वतंत्र ओळीवर आले, अवतरणचिन्हे गेली, आणि लिहिणाऱ्याने जोडलेली स्पष्टीकरणाची टीप किमतींच्या मागे न राहता त्यांच्या आधी आली. एका नव्या ओळीचे काम दोन चिन्हांना साधले नव्हते.

या शेवटच्या तपशिलात आपल्या तीन अंगांपलीकडचे चौथे अंग सूचित झाले आहे. स्थान, विधान आणि आढळ ही तिन्ही आता यंत्र आपण होऊन देऊ शकते. हे विधान मुळात का केले होते, हे मात्र त्याला सांगता येत नाही. ‘मर्यादेपेक्षा लांबी कमी हवी, कारण शेवटचे घर समाप्तिचिन्हासाठी राखून ठेवले आहे’ यातील ‘कारण’च्या पुढचा भाग कोणताही कंपायलर पुरवू शकत नाही. तो लिहिणाऱ्याच्या मनातील हातचा आहे. त्या प्रयोजनाची एक ओळ जोडण्याची सोय आज बहुतेक चाचणीपद्धतींत असते, आणि बहुतेक लिहिणारे ती रिकामी सोडतात.

१९४७ च्या चौकटीपासून २०२३ च्या नव्या ओळीपर्यंतचा हा प्रवास पाहता एक निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी. प्रत्येक टप्प्यावर प्रश्न एकच होता : मनुष्याच्या पाठातले कोणते शब्द यंत्राच्या निनावी अवस्थेपर्यंत सोबत न्यावयाचे, आणि त्यांचा भार कोणी सोसावयाचा. स्मृती महाग होती तोवर तो भार वाचणाऱ्यावर टाकणे क्षम्य होते. ती स्वस्त झाल्यानंतरही तो त्याच्यावरच राहू देणे, याला काटकसर म्हणता येत नाही. आमच्या विभागात आता प्रत्येक चाचणीविधानासोबत प्रयोजनाची एक ओळ मराठीत लिहावी, असा प्रघात आम्ही पाडला आहे. ती ओळ लिहिताना विद्यार्थी कुरकुरतात. परंतु पुढील वर्षाच्या विद्यार्थ्यांना ज्या दिवशी ती वाचावी लागते, त्या दिवशी कोणी कुरकुरल्याचे अद्याप ऐकलेले नाही.